बारा वाजून दहा

नवतप्याचा दुसरा दिवस.
कूलरसुद्धा भट्टीची वाफ फेकतो.
गोळीबार चौकातल्या आमच्या स्लॅबवर
मी स्टीलचा एक गिलास पालथा ठेवलाय,
भोवती गल्लीतली पाच पोट्टी, डोक्याला दुपट्टे बांधून.
"मॅडम, बारा तर वाजले,
सावली जाऊन काऊन नाही राहिली?"

थांबा न बाप्पा.
हे बारा आपले नाहीत.
ते मिर्झापुराकडून येतात, मोबाइलमध्ये बसून.
सूर्याला तिथून इथवर यायला
आज दहा मिनिटं लागतील.
आपल्या गावात झिरो माइलचा खांब,
अंतरं म्हणे इथून मोजली,
वेळ मात्र उसनी.

बाबा हे कुठं शिकले, ठाऊक नाही.
झिबलाजी हेडाऊ, चौथी पास,
मनगट जन्मभर रिकामं.
या स्लॅबच्या जागी तेव्हा कवेलू होते,
मागाच्या खड्ड्यावर एक फुटकं,
त्यातून उतरायचा
कलदार रुपयाएवढा उजेड.
सकाळी खुंटीवरच्या सदऱ्यावर,
मग धोट्यावरून, बाबांच्या खांद्यावरून
उतरत्या दुपारी माठाकडे.
जमिनीवर कोळशाच्या खुणा:
ही माझ्या शाळेची,
ही मधुकाकाची पाळी सुटायची.
त्या चुकवून चुकवून सारवायचो आम्ही.
मिलचा भोंगा झाला की बाबा आधी जमीन बघत
आणि म्हणत, "आज भोंगा उशिरा."

आई दर वैशाखात भांडायची,
"मृग लागायच्या आत बदला ते कवेलू,
ताण्यावर पाणी गळते."
बाबा पावसापुरता पत्र्याचा तुकडा सरकवत,
तेवढे चार महिने
घरात वेळ नसायची.

तिचं घड्याळ रात्रीचं.
अंगणात बाजेवर पडून ती वरची बाज बघे,
तीन चोर कडुनिंबामागं उतरले
की घागर घेऊन उठायची. नळ आलेला असे.
मोमिनपुऱ्यातले सुतवाले रियाजभाई
उधारी चंद्रावर मोजत, चांदरातीला चुकती.
एकदा ढग आले, चंद्र दिसला नाही,
बाबांना एक दिवस जास्त मिळाला.
दोघांचे महिने कधी एका दिवशी सुरू झाले नाहीत,
वही मात्र जुळायची.

माघी अमावास्येला ग्रहण लागलं तेव्हा
सगळी गल्ली दारं लावून बसली.
आम्हीही.
अंधाऱ्या घरात तो रुपया उतरला
आणि हळूहळू त्याला कुणी दातांनी कुरतडावं
तसा कोर झाला, माठाच्या पोटावर.
आई पदर तोंडाशी धरून बघत राहिली.
बाबा म्हणाले, "घ्या.
बाहेर नका बघू म्हणे,
तर तोच आत आला."

आणि वर्षातून दोनदा,
एक या नवतप्यात, एक भर पावसात, पत्र्याखाली झाकलेला,
फटीतून सोडलेल्या ओळंब्याच्या दोरीवर
उजेड नेमका येई.
बाबा माग थांबवत. बस, क्षणभर.
"सूर्य आज ओळंब्यात आहे," एवढंच.
मी विज्ञानाची पदवी घेतली,
वर्गात पंधरा वर्षं शिकवलं,
आणि शून्य सावली हा शब्द
पेपरात वाचला गेल्या साली.

बारा सात. गिलासाच्या बुडाशी
काळी कड, नखाएवढी.
बारा नऊ. केसाएवढी.
पोट्टी गप्प.
जिन्यात चपला घासत येतात,
आई, ब्याऐंशीची, हातात ताकाचा लोटा.
मला वाटलं, ओरडेल, उन्हात काऊन उभी म्हणून.
ती गिलासाकडे बघते, पाण्याच्या टाकीकडे बघते,
पाऊल मोजत दोन पावलं डावीकडे जाते
आणि तापल्या स्लॅबवर पायाचा अंगठा टेकवते.

"इथं ठेव," म्हणते.
"फट इथं होती."